झेंड्यातलं निळं

गुरुदत्तकाका चहा अर्धा कपच घेत. होडीत भरलेला कप सांडतो म्हणून. घरातही अर्धाच.

स्वयंपाकघरात उभे असले की त्यांचा डावा हात ओट्यावर असे. ओटा काही हलत नसे.

भाजीच्या पिशवीला ते एक गाठ मारत. ती कितीही ओढली तरी आवळत नसे आणि एका बोटानं सुटे. पद्मजाकाकूंना ती कधी सुटली नाही. त्या पिशवी कात्रीनं कापत.

फोन उचलला की आधी वारा सांगत. "आज नैर्ऋत्येचा आहे. बोल."

सिग्नलला थांबले की समोरच्या गाड्यांच्या शोरूमचे झेंडे पाहत बसत. दिवा हिरवा झाला हे काकू सांगत.

केळं सुरीनं कापून खात. डेल्फ्टचं नाव काढताना चष्मा काढून हातात धरत.

अनयाला एवढंच आठवलं. ते गेल्यावरच्या पहिल्या आठवड्यात तिला कुणीही काही विचारलं की ती यातलंच काहीतरी सांगे. रडू येत नव्हतं. इंग्रजी साहित्यात एम.ए. केलेल्या मुलीला मरणाबद्दल बोलायला शब्द सापडतील असं तिला आजवर वाटत आलं होतं. ते सापडले नाहीत. अर्धा कप चहा सापडला.

ती अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीला २००५ च्या उन्हाळ्यात आली. पुण्याहून, नोकरीच्या व्हिसावर. काम होतं सॉफ्टवेअर कसं वापरायचं याच्या पुस्तिका लिहिण्याचं. 'पुढे जा हे बटण दाबा' असं दिवसभर लिहायचं. रविवारी ती क्विन्सिगमंड तळ्यावर जाऊन बसे. तिथल्या बाकावर ती मराठी कविता वाचत असताना एक उंच, टक्कल पडलेले गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. मागे उतारावर गाडी, गाडीला ट्रेलर आणि पाण्यात एक छोटी शिडाची होडी.

"काय वाचून राहिली?"

"कविता."

"बरं. दोरी धरता येते?"

"येते."

"मग ही धर. सोडायची नाही. मी ट्रेलर लावून येतो."

ते गेले आणि कुणाशी तरी बोलत उभे राहिले. बऱ्याच वेळानं परतले तेव्हा ती दोरी धरून तशीच उभी होती. कवितांचं पुस्तक काखेत होतं.

"अजून धरूनच आहेस? त्या खांबाला बांधून टाकायची ना बाप्पा!"

"तुम्ही म्हणालात सोडायची नाही."

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "माणूस सापडला," असं म्हणाले, आणि तिला होडीत घेतलं.

ते मूळचे नागपूरचे. पोरवयात समुद्र पाहिलेला नव्हता. तिथल्या पाणीपुरवठा खात्यात इंजिनियर असताना त्यांना हॉलंडला डेल्फ्ट गावी वर्षभर शिकायला पाठवलं. साल १९६८. तिथे त्यांनी आगगाडीतून एक होडी शेतांच्या वरून जाताना पाहिली. कालवा उंचावर, शेतं खाली. होडीवर एक बाई बटाटे सोलत होती. दोरीवर कपडे वाळत होते. नंतर दर रविवारी ते एका पुलावर जाऊन उभे राहू लागले. होडी आली की पूलवाला पूल उघडायचा आणि गळाच्या काठीला लाकडी बूट बांधून खाली सोडायचा. होडीवाला बुटात नाणं टाकायचा आणि पुढे जायचा.

"वर्षभर मी पुलावर होतो," ते सांगत. चष्मा हातात. "मला एकदा पुलाखालून जायचं आहे. बस."

पुढे अमेरिका झाली, नोकरी झाली, घर झालं, मुलगा केदार शिकून सिअॅटलला गेला. नोकरीही इथल्या पाणीपुरवठ्यातलीच. "सगळा जन्म पाण्यात गेला," ते म्हणत, "पण नळातल्या."

डेल्फ्टला त्यांच्या खोलीत डेनिस नावाचा इंग्रज होता. आता तोही निवृत्त. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर बर्नहॅमला त्याची शिडाची होडी होती, तिघं झोपू शकतील एवढी. २००६ च्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. पुढच्या जुलैत जाऊ या. बर्नहॅमहून निघायचं, नॉर्थ सी ओलांडायचा, एक दिवस आणि एक रात्र. मग हॉलंडला फ्लिसिंगेनच्या पाण्याच्या दरवाजातून कालव्यात शिरायचं, मिडलबर्ग, व्हेरे, आणि तिथून उत्तरेकडच्या बारक्या कालव्यांत. तिथले बरेच पूल उघडत नाहीत. होडीची डोलकाठी आडवी पाडायची, खालून जायचं, पलीकडे पुन्हा उभी करायची. डेनिसचा खुबा बदललेला. तो सुकाणू धरेल. काठीला दोन माणसं हवीत.

"एक मी," काका म्हणाले. "दुसरी ही."

काकू पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं. "एक लंगडा, एक सत्तरीचा आणि एक कवितावाली पोरगी. छान. समुद्रात नाव काढाल."

"कालव्यात गं."

"कालव्याच्या अलीकडे समुद्रच आहे ना? की तुमच्या नागपूरहून परस्पर जाता?"

काकू होडीत एकदाच बसल्या होत्या, लग्नानंतर काही वर्षांनी. त्या दिवसासाठी काकांनी त्यांना निळं नायलॉनचं जॅकेट आणलं होतं. होडी सुटली आणि काकूंनी त्या जॅकेटवर सकाळचा सगळा उपमा काढला. त्यानंतर त्या काठावरच. जॅकेट धुऊन कपाटात टांगलं होतं, तीसेक वर्षं.

त्या हिवाळ्यात तयारी सुरू झाली. नागपूरला भरती नाही आणि तळ्यालाही नाही. म्हणून एका शनिवारी काका अनयाला घेऊन बॉस्टनच्या पुढे एका धक्क्यावर गेले. काकूंनी दशम्या, चटणी आणि लोणचं बांधून दिलं होतं. दोघं दिवसभर गाडीत बसून समोरच्या खांबावर पाणी चढताना पाहत राहिले. काही घडलं नाही. पाणी चढलं. मग उतरलं. काका परतताना म्हणाले, "चाळीस वर्षं पाणी पोचवलं लोकांना. आपलं आपण येतं हे आज पाहिलं."

तिथी काकूंना तोंडपाठ असत. त्यामुळे भरतीचं खातं त्यांच्याकडे आलं.

"पद्मा, जुलैतली वद्य अष्टमी कधी?"

"कशाला? उपास धरताय?"

"अष्टमीच्या आसपास पाण्याची ओढ कमी असते. तेव्हा निघू."

काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "इथली अष्टमी की मुंबईची? गेल्या वर्षी शैलाताईंनी एकादशी एक दिवस आधीच केली होती. साबुदाणा खाऊन मोकळ्या झाल्या. तुम्ही एक दिवस आधी समुद्रात नका जाऊ."

"म्हणजे एक दिवस नंतर जाऊ शकतो?"

"मी जा म्हटलंय का?"

नव्हतं म्हटलं. प्रश्न तोच होता. काकांना काकूंचा शब्द हवा होता. तो न घेता ते गेले नसते, हे अनयाला ठाऊक होतं, काकूंनाही. गेल्या ऑक्टोबरात काकूंनी अट घातली होती. तळ्यावर रूट नाइनचा पूल आहे. त्याच्याखालून काठी पाडून जायचं आणि पलीकडे उभी करायची. दोघांनीच. त्या वर उभ्या राहून बघणार.

खरं तर त्या पुलाच्या कमानी उंच होत्या. छोट्या होडीची काठी आरामात गेली असती.

"मग पाडायची कशाला?" पुलावरून काकूंनी ओरडून विचारलं होतं.

"तिथे पाडावी लागेल!"

त्या दिवशी जमलं नाही. कमान जवळ आल्यावर काकांनी शीड उतरवलं, काठीची पुढची दोरी अनयाच्या हातात दिली आणि म्हणाले, हळू सोड. काठी मागे कलली. वजन एकदम आलं. अनयाच्या हातांतून दोरी सुटली. काठी धाडकन काकांच्या खांद्यावर येऊन पडली, होडी आडवी झाली आणि पुलाच्या खांबाला घासत उभी राहिली. वरून ट्रक जात होते. काकूंनी वाकून पाहिलं. मग पर्स खांद्याला लावली आणि गाडीकडे चालू लागल्या. गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, "पोळ्या गार होतील."

काकांनी खांदा चोळत अनयाला विचारलं, "हात भाजले का?" भाजले होते. घरी काकूंनी त्यावर तूप लावलं.

नंतर बर्फ पडलं. तळं गोठलं. काका गॅरेजमध्ये बसून झेंडा शिवू लागले. दुसऱ्या देशाच्या पाण्यात शिरताना त्यांचा झेंडा आपल्या होडीवर लावायचा, अशी रीत असते. हॉलंडचा लाल, पांढरा, निळा.

"नेटवर मिळतो तो," काकू म्हणाल्या. "चार दिवसांत घरपोच."

"पाहुण्यानं विकतचा लावू नये."

"पाहुण्यानं हात हलवत जाऊ नये म्हणतात. शिलाई कुणी सांगितली?"

लाल कापड केदारच्या लहानपणच्या तंबूचं. पांढरं जुन्या शिडाचं. काका शिडं घरीच दुरुस्त करत. तळहाताला चामड्याची पट्टी बांधून जाड सुई त्यातून ढकलत. टाके इतके जवळ की मशीनचे वाटत. निळ्यासाठी त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं.

"ते जॅकेट नाही," काकू म्हणाल्या.

"तू घालत तर नाहीस."

"आधी पूल. मग जॅकेट."

म्हणून फेब्रुवारीपासून झेंडा लाल आणि पांढरा एवढाच होता. तो बिस्किटांच्या डब्यात घडी करून ठेवला होता.

एप्रिलच्या शेवटी त्यांनी पुन्हा होडी पाण्यात घातली. अनयानं हातमोजे आणले होते. काकांनी ते काढायला लावले. "दोरी कळली पाहिजे हाताला." त्यांनी दोरीचे दोन वेढे एका खुंटीभोवती घेतले आणि टोक तिच्या हातात दिलं. "आता वजन खुंटीवर आहे. तू फक्त जाऊ द्यायचं."

वर काकू थंडीच्या कोटात उभ्या होत्या. पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

शीड उतरलं. अनया दोरी जाऊ देऊ लागली. काठी कलली, कलत राहिली, आणि होडीच्या पाठीवर अगदी अलगद येऊन टेकली. मग ते कमानीखाली होते. अंधार आणि गारवा. ट्रकचा आवाज दगडातून येत होता. काका मान वर करून पुलाची खालची बाजू पाहत होते. तिथे काहीच नव्हतं, ओल होती, कबुतरांची घाण होती. त्यांनी चष्मा काढला.

पलीकडे उन्हात आल्यावर दोघांनी मिळून काठी उभी केली. खिट्टी बसली. दोघांनी वर पाहिलं. पलीकडचा कठडा रिकामा होता. रूट नाइनवरची रहदारी थांबत नव्हती, काकूंना रस्ता ओलांडता येत नव्हता. काकांनी वल्ह्यानं होडी जागेवर धरली. "येईल," ते म्हणाले. "येईल ना ती."

काकू आल्या. कठड्यावरून वाकल्या. काहीतरी ओरडल्या. ट्रकच्या आवाजात ते ऐकू आलं नाही. काकांनी हात कानाला लावला. काकूंनी दोन बोटांची कात्री करून दाखवली.

घरी जॅकेट आणि कात्री जेवणाच्या टेबलावर ठेवलेली होती. काकूंनी जॅकेट उलटं केलं. "पाठीचं घ्या. पुढे डाग आहे." काकांनी कापलं. नंतर ते अर्धा कप चहा प्यायले, आणि आणखी अर्धा.

अनयानं प्रवासाच्या व्हिसासाठी पासपोर्ट पाठवून दिला.

मे महिन्यात एका सकाळी काका गाडीचे टायर बदलायला गेले. दुकानातल्या खुर्चीत बसले होते. टायर लावून झाले, माणसानं नाव पुकारलं, ते उठले नाहीत.

काकूंचा फोन आला तेव्हा अनया ऑफिसात होती. काकूंनी दोन वाक्यांत सांगितलं. तिसरं वाक्य होतं, "तू जेवून ये." अनयानं फोन ठेवला आणि समोरचं पान पूर्ण केलं. 'पुढे जा हे बटण दाबा. काम जतन झाल्याची सूचना येईल.' मग ती उठली.

केदार आला. सगळं रीतीनं झालं. लोक डबे घेऊन येत होते. सगळे म्हणाले, त्रास झाला नाही, हे भाग्य. अनया मान हलवत होती. डब्यांच्या पिशव्यांना साध्या गाठी होत्या. काकू त्या हातानं सोडत होत्या.

डेनिसला कळवायचं होतं. काकूंनी फोन अनयाकडे दिला. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, काठीच्या सगळ्या दोऱ्या मी नव्या घातल्या आहेत. अनया म्हणाली, बरं केलंत.

पासपोर्ट पोस्टानं परत आला. व्हिसा मिळाला होता. तिनं तो ड्रॉवरमध्ये ठेवला.

जुलै उजाडला. ज्या शनिवारी निघायचं ठरलं होतं, त्या शनिवारी काकूंनी तिला गॅरेज आवरायला बोलावलं. दोघींनी दोऱ्या एका खोक्यात भरल्या, रंगाचे डबे एका बाजूला केले.

"आज अष्टमी," मधेच काकू म्हणाल्या. "इथली."

बिस्किटांचा डबा बाकावरच होता. शेजारी चामड्याची पट्टी. काकूंनी डबा उघडला आणि झेंडा टेबलावर पसरला.

"तू पुरा करतेस का?"

"मला त्यांच्यासारखा टाका येत नाही, काकू."

"मलाही नाही."

दोघी पाहत उभ्या राहिल्या. लाल पट्टा पांढऱ्याला पूर्ण जोडलेला होता. निळा पट्टा पांढऱ्याला डावीकडून वीतभर शिवला होता, दाट टाक्यांनी. पुढचं निळं नुसतं टाचण्यांवर होतं. जिथे टाके संपले होते तिथे सुई कापडात खोचलेली होती आणि सुईत दोरा होता, लांब, बाकी सगळ्या शिवणीला पुरेल एवढा.