उशीखालचा फोन

वाळूजला आमच्या पत्र्याच्या खोल्यांत नेट येत नाही. फक्त शेवटच्या खोलीच्या खिडकीत येतं. तिथल्या काकू आपला फोन खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधून ठेवतात आणि मी नि मधल्या खोलीतल्या भाभी त्यावरून हॉटस्पॉट घेतो. सगळ्या एकदम लागल्या की कुणाचंच चालत नाही, म्हणून पाळ्या लावलेल्या. "नळावानीच हाय हे," काकू म्हणायच्या. "एकीनं तोटी सोडली की दुसरीची बंद."

मी चौथी शिकलेली. औषधाच्या पाकिटावरचं नाव वाचता यावं म्हणून माझ्या पाळीत मी लहान मुलांचे इंग्रजीचे व्हिडिओ बघायचे. हे घरातही कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी अकरा वाजता काकूंच्या मुलीची चिकलठाण्याच्या एका कंपनीसाठी मुलाखत होती, तिच्या फोनवर, याच हॉटस्पॉटवरून. ती संपेपर्यंत बाकीच्यांनी नेट बंद ठेवायचं ठरलं होतं. मी मात्र साडेदहाला जरासं म्हणून लावलं. दारातून काकूंनी विचारलं, "बंद केलं ना गं?"

"व्हय," म्हणाले. घाईनं आवाज बंद केला, फोन उशीखाली सरकवला आणि बाहेर भांडी घासायला बसले. आवाज गेला म्हणजे व्हिडिओ थांबला, असंच मला वाटायचं.

मुलाखतीत साहेबांचा चेहरा गोठून राहिला, पोरीचं बोलणं तुटत गेलं. "नंतर कळवतो," म्हणून त्यांनी आटोपलं. पोर रडायला लागली तशा काकू थेट भाभींपुढं येऊन उभ्या राहिल्या. भाभी रोज भावाशी व्हिडिओवर बोलायच्या.

"एक दिवस भावाचं तोंड नाय बघितलं तर घास उतरत नाय का तुमचा?"

"अल्ला कसम, मैं तो फोन को हात बी नई लगाई!" भाभी माझ्याकडं वळल्या. "तुम बोलो ना, ताई. तुम्हारे सामने बैठके गेहूं चुन रही थी ना मैं?"

खरं होतं. मी मान खाली घालून तवा घासत राहिले.

खोलीत येऊन उशी उचलली. फोन तापला होता. पडद्यावर अक्षरं अजून नाचत होती.

कंपनीचं काहीच कळलं नाही. भाभींनी हॉटस्पॉट सोडला. भावाशी बोलायला त्या आता भर उन्हात हमरस्त्यापर्यंत चालत जातात. त्यांच्या पाळीतली पंधरा मिनिटं काकूंनी मला वाढवून दिली. म्हणाल्या, "तू बिचारी कधी तोंड उघडून मागत नाहीस."

मी ती घेतली. औषधाचं नाव आता मला वाचता येतं.