नवी नाकं, जुने पुतळे

पन्नाशी उलटली होती तरी अक्कल यायची बाकी होती, म्हणूनच केंब्रिजच्या एका ऑफिसात याद्या उतरवायच्या नोकरीला असताना मी रोमन पुतळ्यांच्या यादीतला 'नाक नवे' हा शेरा सगळीकडून पुसून टाकला. एवढ्या देखण्या देवांच्या नाकाबद्दल सारखं काय बोलायचं, असं मला वाटलं.

यादी इंग्लंड, इटली आणि जर्मनी मिळून करत होते. कितीतरी पुतळ्यांना इंग्रज उमरावांनी हौसेनं नवी नाकं बसवून घेतली होती, आणि अस्सल काय नि जोड काय हे सांगणं हाच तर त्या यादीचा जीव!

माझा साहेब उंच, जरा वाकलेला. प्रत्येक माप तीनदा घ्यायचा आणि तिन्ही सारखी आली तरी 'बहुधा' म्हणायचा. खिडकीबाहेर धो धो कोसळत असलं तरी म्हणायचा, "बहुधा पाऊस आहे." माझा स्वल्पविराम चुकला की टेबलाशी येऊन नुसता खाकरायचा. मी त्याला मनात मराठीतून काय काय म्हणायचे, ते नातवंडं वाचतील म्हणून लिहीत नाही.

माझी यादी रोमला गेली आणि तिथं हेच काम बघणाऱ्या बाईंचा फोन आला. असंच काम असेल तर आमचे फोटो आणि नोंदी यापुढे मिळणार नाहीत, म्हणाल्या. साहेबानं माझ्याकडे पाहिलं आणि फोनवर म्हणाला, "चूक माझी आहे." बहुधा नाही, काही नाही.

त्यानं फोन ठेवल्यावर मी पुटपुटले, "माझ्यासाठी खोटं कशाला बोललात?"

"खोटं कसलं? हे काम कशासाठी करायचं, ते मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही. बसा, पहिल्या नाकापासून सुरू करू."