तांडेल मॅडमच्या स्लाइड्स

तांडेल मॅडम गेल्या हे मला एका कुत्र्याच्या फोटोवरून कळलं. सकाळी विक्रोळीच्या घरी डबा भरत होते, तेवढ्यात आमच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या ग्रुपवर एक चित्र आलं. गळ्यात लाल रिबन बांधलेलं कुठल्यातरी परदेशी जातीचं पिल्लू, बाजूला दोन पणत्या आणि खाली ओळ... 'मुक्या जिवांची माउली हरपली.' मला वाटलं, कुणाचं तरी पाळलेलं कुत्रं गेलं असेल. मग खालचं नाव वाचलं. डॉ. मंदाकिनी तांडेल. मुलुंडच्या घरी, झोपेतच गेल्या. या गोष्टीला दीड महिना झाला. रडून झालं. राग मात्र अजून तसाच आहे, आणि तो कशाचा आहे ते सांगायलाच लिहायला बसले आहे.

शोकसभेत सहा जण बोलले. सहाही जणांनी सांगितलं की मॅडमना कुत्र्यांचा फार लळा होता. एका पाहुण्यांनी तर त्या रोज भटक्या कुत्र्यांना बिस्किटं घालायच्या असं ठोकून दिलं. साफ खोटं. चोवीस वर्षं मी मॅडमची लॅब टेक्निशियन होते. त्यांच्या हातात बिस्किटाचा पुडा मी पाहिला तो फक्त चहाबरोबर. एकदा एका पत्रकार मुलीने त्यांना विचारलं होतं, "मॅम, तुम्हाला डॉग्ज खूप आवडत असतील ना?" मॅडम वेसाव्याच्या, आईने जन्मभर मासळी विकलेली. त्या म्हणाल्या, "माझ्या आईला कधी कुणी विचारलं नाही गं, की तुम्हाला पापलेट आवडतं का. ताजं आहे का, एवढंच विचारायचे. तू पण कामाचं विचार." मुलगी हिरमुसली. छापून आलं तेव्हा मथळा होता, 'श्वानप्रेमी डॉक्टर'. मॅडमच्या जागी कोणी सर असते तर हेच लोक शास्त्रज्ञ म्हणाले असते. बाई म्हटली की माउली! काय शोधत होत्या, ते सभेत एकाच्याही तोंडून निघालं नाही.

मग मीच सांगते. गोरेगावला आरे कॉलनीतल्या आदिवासी पाड्यांवरची कुत्री गोठ्यांच्या आसपास वाढतात. अंगावर गोचिडी लोंबत असतात. गोचिडीतून एक परजीवी रक्तात शिरतो आणि तांबड्या पेशी फोडतो. अंधेरीच्या टॉवरमधल्या पाळीव कुत्र्याला तो झाला तर ताप, पिवळे डोळे, कधी आठवड्यात खेळ खलास. आणि पाड्यावरची कुत्री? तोच परजीवी रक्तात घेऊन वर्षानुवर्षं डुकरांमागे धावतात. का? पिल्लू असतानाच गाठ पडली म्हणून शरीर त्याला दाबून ठेवायला शिकतं? की आईकडून काही मिळतं? आणि ही ताकद कधी संपते? मॅडमनी यासाठी पाड्यावरची पिल्लं धरली आणि तीच कुत्री म्हातारी होऊन मरेपर्यंत दर तीन महिन्यांनी तपासली. प्रत्येक वेळी रक्ताचा थेंब पसरलेली काचेची एक स्लाइड. स्लाइडवर नंबर असायचा, आणि पाड्यावर ज्या नावाने हाक मारतात ते नावही. मंत्री, बिजली, थोटा, हवालदार. "नंबर चुकतो," म्हणायच्या, "पण हवालदारला बिजली कोण म्हणेल?"

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. वडील मालवणकडचे, आधी गिरणीत, मग विक्रोळीच्या कारखान्यात. मला नोकरी कसली लागली ते कळल्यावर म्हणाले, "कुत्र्याचा रगात काढूक बीएस्सी केलंस गो?" मी चिडले होते, त्यामुळे चटकन काहीतरी करून दाखवायची घाई झालेली. आणि पहिल्याच महिन्यात मी माती खाल्ली. मॅडमनी सांगितलं होतं, रक्त कानाच्या टोकाला सुई टोचून घ्यायचं, पहिलाच थेंब. पण कान टोचला की कुत्रं केकाटतं, पाड्यावरच्या बायका ओरडतात, "ए बाय, मारतेस काय त्याला?" मग मी आपलं पुढच्या पायाच्या शिरेतून सिरिंजने घ्यायला लागले. स्वच्छ काम, कुत्रं गप्प, बायका गप्प. रक्त ते रक्त, असं माझं बीएस्सीचं डोकं. तीन आठवडे सगळ्या स्लाइड्स निगेटिव्ह आल्या.

मॅडमनी त्या स्लाइड्स पाहिल्या. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर बसने पाड्यावर आल्या. मंत्रीला दोन गुडघ्यांत धरला, आधी पायातून थोडं रक्त घेतलं, मग कानातून, आणि लॅबमध्ये दोन्ही स्लाइड्स माझ्यासमोर ठेवल्या. पायाची स्वच्छ. कानाची बघितली तर प्रत्येक कोपऱ्यात तो परजीवी बसलेला. "हा हायवेवर फिरत नाही गं सुरेखा, गल्लीत लपतो," मॅडम म्हणाल्या. "कानाच्या टोकाला रक्ताच्या नळ्या केसासारख्या बारीक. तिथे अडकून राहतो." मला वाटलं, गेली नोकरी. त्यांनी रजिस्टर ओढलं आणि लिहिलं... तीन आठवड्यांचे नमुने चुकीच्या जागेवरून घेतले गेले. कारण नीट समजावून सांगितले नाही. चूक माझी. खाली त्यांची सही. माझं नाव नाही. त्या नोंदीमुळे तो हंगाम बाद धरावा लागला, आणि मॅडमचा पेपर वर्षभर मागे पडला. वर बसलेले म्हणाले, तीन आठवड्यांचं काय एवढं, गाळून टाका. मॅडमनी गाळलं नाही. पुढे बढतीच्या वेळी त्याच लोकांनी विचारलं, "पेपर कमी का?"

हे मी आज पहिल्यांदा जाहीर सांगते आहे. मॅडम होत्या तोवर त्यांनी सांगू दिलं नाही.

आता मुद्द्याचं. तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी नवे विभागप्रमुख एक फॉर्म घेऊन आले. मॅडमची खोली पाळीव प्राण्यांना न्हाऊमाखू घालायच्या ग्रूमिंग सेंटरला द्यायची ठरलीय. फॉर्मवर टाइप केलेलं... 'जुन्या काचा व वह्या, निरुपयोगी, प्रकल्प बंद.' खाली माझ्या सहीची जागा, कारण साठा माझ्या ताब्यात.

"अहो सुरेखाताई," सर म्हणाले, "आता सगळं मशीनवर होतं. या काचा कोण बघत बसणार?"

"सर, वाळलेल्या स्लाइडवरूनही डीएनए काढता येतो. तुमच्या मशीनलाच घाला."

"मग नवीन नमुने घेऊ की. कुत्र्यांना काय तोटा आहे मुंबईत!"

"हवालदार मेला, सर. त्याचं पिल्लू असतानाचं रक्त आता कुठून आणणार?"

सर घड्याळाकडे बघत म्हणाले, "तुम्ही भावनिक होताय."

भावनिक! एका कुत्र्याच्या अख्ख्या आयुष्याचं रक्त, अशा शेकडो कुत्र्यांचं, त्या लाकडी पेट्यांत आहे. कुणी तरी हुशार पोरगी उद्या येईल आणि मॅडमना न सापडलेलं उत्तर त्यातून काढेल. ते भंगारात घालायचं आणि वर शोकसभेत माउली म्हणायचं. यांना लाज कशी वाटत नाही?

मी 'निरुपयोगी' आणि 'प्रकल्प बंद' यांवर काट मारली. वर लिहिलं, 'वापरात आहे. प्रकल्प चालू.' सही केली आणि फॉर्म त्यांच्या हातात दिला. पण नुसतं लिहून भागणार नव्हतं, खरं करायला हवं होतं. रजिस्टर उघडलं. मॅडमच्या कुत्र्यांपैकी एकच उरलीय, शेवंता, पार म्हातारी. तिची तारीख उलटून गेली होती. शनिवारी रजा टाकून पाड्यावर गेले, रक्त घेतलं, स्लाइड रंगवली आणि मॅडमच्या मायक्रोस्कोपवर बसले. नीट दिसेना. दोन भिंगांतलं अंतर अजून मॅडमच्या डोळ्यांच्या मापाचं होतं. चोवीस वर्षांत त्याला मी कधी हात लावला नव्हता, माझा मायक्रोस्कोप वेगळा. मग भिंगं माझ्या डोळ्यांना लागतील इतकी सरकवली. बघितलं. रजिस्टरमध्ये मॅडमच्या अक्षराखाली माझ्या अक्षरात नोंद केली.

शेवंता. परजीवी आहे. कुत्री ठणठणीत.