ताईंची आणेवारी

माझ्या मोठ्या नणंदेइतका बेताबेतानं विश्वास ठेवणारा माणूस यवतमाळ जिल्ह्यात दुसरा झाला नाही आणि होणारही नाही. हे मी त्यांच्यासमोर बोलले असते तर चष्मा कपाळावर सारून त्यांनी विचारलं असतं, "काहून वं, सारा जिल्हा फिरून आली का तू?" ताई कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं, आमच्याच घरी वरच्या खोलीत राहायच्या. त्यांच्या जगात कोणतीही गोष्ट नुसती खरी किंवा खोटी नसायची, ती अमुक आणे खरी असायची. "सरकार पिकाची आणेवारी काढते, मग खऱ्याची मी काढली तं काय बिघडलं?" सोळा आणे मात्र त्यांनी जन्मात कशाला दिले नाहीत. माझ्या मुलीला स्थळ आलं तेव्हा मध्यस्थ म्हणाले, मुलगा फार शांत आहे. ताईंनी आठ आणे दिले. मुलाच्या गल्लीतल्या पानठेल्यावर चौकशी करून आल्या आणि दहा केले. चहा सांडल्यावर त्याच्या आईनं त्याला चारचौघांत झापलं आणि तो हसला, तेव्हा बारा झाले. लग्न लागलं, नातवंडं झाली, तरी ताई तेरावर अडून बसलेल्या. जावई दर दिवाळीला पाया पडता पडता विचारायचे, "आत्या, यंदा वाढले का?"

या सगळ्यामागे शास्त्र होतं. फार वर्षांपूर्वी एका इंग्रज पाद्र्यानं मांडलेलं संभाव्यतेचं सूत्र ताईंना देवाच्या आरतीइतकं पाठ होतं. आधी किती वाटत होतं, नवीन काय दिसलं आणि त्यावरून आता किती वाटायला हवं, एवढाच त्याचा सारांश, असं त्या सांगत. वर्तमानपत्रात 'पुढच्या बाकावर बसणारी मुलं जास्त प्रामाणिक असतात, संशोधकांचा निष्कर्ष' असं काही आलं की त्या चहा थंड होऊ देत म्हणायच्या, "दुसऱ्या कोनी पुन्हा करून पाह्यलं का? एकाच चमच्यानं वरण खारट ठरवू नाई." आणि खरोखरच त्या वरणाची चव पातेल्यात दोन ठिकाणी चमचा घालून घ्यायच्या. मला त्याचा राग यायचा.

पण एका गोष्टीवर ताईंचा जीव होता. कापसानं सगळ्यांना रडवलं त्या वर्षांत गावोगावी घरांतून एक गप्पपणा बसला होता. ताई विद्यार्थ्यांना घेऊन महागावकडच्या खेड्यांत आणि तांड्यांवर हिंडल्या. जिथे बायका आठवड्यातून एकदा एकत्र बसून नुसत्या बोलतात, तिथे त्यांच्या मनावरचं ओझं कमी होतं, असं त्यांच्या पाहणीत निघालं. एका संस्थेनं त्यावरून गावोगाव बायकांच्या बैठका सुरू केल्या. ताईंना नागपूर-पुण्याहून बोलावणी येऊ लागली. या निष्कर्षाला त्यांनी चौदा आणे दिले होते. जावयापेक्षा एक जास्त.

मग एके दिवशी वणीची एक मुलगी घरी आली. पीएच.डी. करत होती. तिनं ताईंचाच अभ्यास वणीकडच्या गावांत पुन्हा केला होता आणि तिला काहीच फरक दिसला नव्हता. कागद हातात धरून ती दारातच उभी राहिली. "मॅडम, सर म्हणतात, तुमचं चुकलं असं सरळ लिही. मले तसं लिहवत नाई."

"जेवली का तू?" ताईंनी विचारलं.

जेवण झाल्यावर दोघी वर गेल्या. मी चहा घेऊन गेले तेव्हा ताई सांगत होत्या, "नाई सापडलं, हे एक. नाईच आहे, हे दुसरं. फरक असता तं तुहे आकडे असे यायची शक्यता किती? नसता तं किती? दोन्ही ताडून पाहू." त्यांनी ताडून पाहिलं. मुलीच्या पाहणीत बायका कितीतरी जास्त होत्या आणि प्रश्न नेटके होते. ताईंची पाहणी लहान होती. चौदाचे पाच आणे झाले.

मुलगी गेल्यावर ताई गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेल्या आणि एक लुगडं छातीशी धरून तशाच उभ्या राहिल्या. "मले ते खरं असावं असं लय वाटत होतं वं," म्हणाल्या. त्यांना रडताना मी फक्त तेव्हाच पाहिलं.

पुढच्या महिन्यात संस्थेच्या सभेत त्या स्वतःहून उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. अध्यक्ष चिडले. "मॅडम, तुम्हीच तर छातीठोक सांगितलं होतं!"

"छातीठोक मी कधीच नाई सांगितलं. तुमी तसं ऐकलं. आता माहा विश्वास कमी झाला आहे, संपला नाई. बैठका बंद नका करू. पाहनी अजून मोठी करून पाहू."

बैठका निम्म्या गावांत बंद झाल्याच. नागपूर-पुण्याची बोलावणीही थांबली. ताईंनी मात्र त्या मुलीला जोडीला घेतलं आणि दोघी एसटीनं महागाव आणि वणी, दोन्हीकडच्या गावांत हिंडू लागल्या. तीन उन्हाळे गेले. ताईंचे गुडघे गेले, मग श्वास लागू लागला, तेव्हा मुलगी एकटी हिंडायची आणि परत येऊन त्यांच्या पलंगाशी बसून सगळं सांगायची.

शेवटचा हिशेब घेऊन ती आली तेव्हा ताई उशीला टेकून बसल्या होत्या. तिनं कागद उघडलाच नाही. "आहे, ताई. फरक आहे. पण थोडासाच." मॅडमची ताई केव्हा झाली, ते आम्हा कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

 ताई तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "थोडासा तं थोडासा. तेवढाच लिहून दे. वाढवू नको."

त्याच पावसाळ्यात ताई गेल्या. वरची खोली आता रिकामी असते. दुपारी घरात कोणी नसलं की मी कडी लावून शेजारणीकडे जाऊन बसते. भाजी निवडतो, मुलांबद्दल बोलतो, कधी काहीच बोलत नाही. मन हलकं होतं की मला नुसतं तसं वाटतं, कोण जाणे. पण जाते खरी.