चित्रभानूचा गुरुवार

चिंचवडच्या चित्राताईंना अख्ख्या जगात एकाच ठिकाणी 'भावा' म्हणायचे. नुसतं भावा नाही, कधी 'चित्रभान्या' सुद्धा. चोपन्न वर्षांच्या, केसांना मेंदी लावणाऱ्या, दर संकष्टीला मोरया गोसावीच्या देवळात जाणाऱ्या बाईला चित्रभान्या! आणि बाई रागवायच्या सोडून गालातल्या गालात हसायच्या. असतं एकेकाचं.

आधी त्यांच्या गुरुवारचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. चित्राताई भोसरीतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये खरेदी बघतात. पत्रा निघाला का, बोल्ट आले का, चाकणच्या गाडीत माल चढला का, हे दिवसभर फोनवर लोकांच्या मागे लागून विचारायचं. तिथल्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. बाकीच्या जगाचा रविवार, यांचा गुरुवार. श्रीपादराव, म्हणजे चित्राताईंचे यजमान, तेही त्याच भागात नोकरीला, त्यामुळे दोघांच्या मालकीचा असा आठवड्यात एक दिवस होता. सकाळी उशिरा पोहे, दुपारी झोप, संध्याकाळी चिंचवड स्टेशनपर्यंत चक्कर. श्रीपादराव गेले आणि गुरुवार जो एकटा पडला तो पडलाच.

म्हणजे बघा ना, सोसायटीतल्या बायकांची भिशी रविवारी. हळदीकुंकू, बारशी, साखरपुडे सगळं रविवारी. चेन्नईला असणारा मुलगा मिहिर फोन करणार तोही रविवारी दुपारी, आणि तेव्हा आई प्रेस मशीनच्या धडधडीत उभी. "आई, काही ऐकू येत नाहीये गं, नंतर करतो," म्हणायचा. तो नंतर काही यायचा नाही. गुरुवारी आई मोकळी तर मिहिर मीटिंगमध्ये. त्यात आपल्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज घालवायची पद्धत, म्हणजे टीव्हीचीही सोबत नाही. बाई खिडकीशी बसून शेंगा सोलत राहायच्या. बोलायला माणूस म्हणावं तर पार्किंगमधला वॉचमन, आणि तोही नेपाळला फोन लावून बसलेला.

अशातच त्यांना तो ग्रुप सापडला. मिहिर शाळेत असताना मायलेकांनी 'तिमिरजित' नावाचा सुपरहिरोचा पिक्चर बघितला होता. काळोखात ज्याला लख्ख दिसतं असा वीर, तोंडावर काळा मुखवटा, अंधारातून लोकांना हात धरून बाहेर काढणारा. पोरगं मोठं झालं, त्याला ते बालिश वाटायला लागलं. आईला नाही वाटलं. दुसरा भाग त्यांनी एकटीने बघितला आणि घरी आल्यावर त्यावर बोलायला कुणी नाही म्हणून फोनवर शोधत बसल्या, तर 'तिमिरसेना, पिंपरी-चिंचवड' असा ग्रुप निघाला. चित्राचं त्यांनी चित्रभानू केलं, मुखवट्याचा फोटो लावला आणि आत शिरल्या. पहिलाच मेसेज आला, "वेलकम भावा!" आपण बाई आहोत हे सांगायचं त्या दिवशी राहून गेलं. दुसऱ्या दिवशी सांगावंसं वाटेना. कारण दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं होतं, "भावा, जेवलास का?" आणि असं त्यांना बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नव्हतं.

तर त्या ग्रुपमध्ये तिमिरजितचा तिसरा भाग येणार म्हणून वर्षभर आधीपासून शिमगा चाललेला. ट्रेलरवर भांडणं, मुखवट्याच्या रंगावर भांडणं. शेवटी शुक्रवारी पिक्चर लागला आणि दुपारपर्यंत सगळ्या समीक्षा येऊन थडकल्या. कुणी दोन तारे दिले, कुणी दीड. एकाने लिहिलं, हिरोला अंधारात दिसतं पण दिग्दर्शकाला कथा दिसली नाही. झालं! पोरं पेटली. "पैसे खाल्लेत यांनी." "समीक्षकाशी घरात बायको बोलत नाही, तो राग आपल्यावर काढतो." कुणी कलेक्शनचे आकडे टाकी, कुणी ते खोटे म्हणून दुसरे टाकी. शनिवारी आकडे चढले की लग्न ठरल्यासारखा आनंद, सोमवारी पडले की घरात सुतक.

चित्रभानू सगळ्यांत पुढे. "अरे, लॉटमधला एक नग बघून अख्खी गाडी रिजेक्ट करतात का? गेज तरी लावलं का त्याने?" असलं कारखान्यातलं बोलणं पोरांना भारी आवडायचं. त्यांना वाटायचं, चित्रभानू म्हणजे चाकणच्या कुठल्या तरी कंपनीतला खमका सुपरवायझर असणार. गंमत अशी की ज्या पिक्चरसाठी बाई हिरिरीने लढत होत्या तो त्यांनी पाहिलाच नव्हता. बघणार कधी? शुक्रवारपासून कामाला जुंपलेल्या. गुरुवार उजाडायचा होता.

सोमवारचे आकडे अगदीच तोंडघशी पाडणारे आले. तेव्हा निरंजनने, म्हणजे ताथवड्यात राहणाऱ्या आणि हिंजवडीत नोकरी करणाऱ्या ग्रुपच्या ॲडमिनने, लांबलचक लिहिलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. पिक्चर आपटला तर चौथा भाग निघणार नाही. चौथा भाग नाही तर हा ग्रुप ठेवायचा कशाला? नुसती सकाळची फुलं पाठवायला? "दुसरा आठवडा बघू आणि बंद करून टाकू, मित्रांनो."

चित्राताई तेव्हा कुकर लावत होत्या. शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या आणि डाळ खाली लागली. आपल्याला एका पिक्चरच्या गल्ल्याची एवढी धास्ती वाटावी याची त्यांना लाज वाटली, पण धास्ती खरी होती. त्या निर्मात्याचे पैसे बुडोत नाहीतर तरोत, बाईंचं काही जात नव्हतं. पण ग्रुप बंद झाला तर संध्याकाळी घरी येऊन कुलूप उघडल्यावर करायचं काय? कुणाशी भांडायचं? त्या घरात भांडायलासुद्धा कुणी उरलेलं नव्हतं.

त्यांनी लगेच लिहिलं, "बंद कशाला? आपण सगळे मिळून एक शो भरून टाकू. हाऊसफुल्लचा फोटो काढू आणि समीक्षकांच्या तोंडावर मारू." कल्पना पोरांना बेहद्द आवडली. "जिंकलास भावा! तूच ठरव, आम्ही येतो." ठरवण्यात बाई वाकबगार, हयात गेली होती फॉलोअपमध्ये. चिंचवडच्या थिएटरच्या मॅनेजरला फोन करून त्यांनी पिक्चर पडत असला तरी गुरुवारचा दुपारचा शो रद्द करायचा नाही असं वदवून घेतलं, आणि ग्रुपवर टाकलं: गुरुवारी दुपारचा शो, तिकिटं ज्याची त्याने खिडकीवर काढायची. धडाधड अंगठे आले. चाळीसेक तरी असतील. आजकाल अंगठा द्यायला वाचावं कुठं लागतं?

आता यात काय चुकलं ते तुम्हाला कळलं असेल. त्यांना कळलं नाही. सगळ्यांना सोयीचा म्हणजे सुट्टीचा दिवस, आणि सुट्टीचा दिवस म्हणजे गुरुवार, हे त्यांच्या हाडीमासी इतकं खिळलेलं की दुसरा विचारच मनात आला नाही. एवढंच ठरवलं होतं की आपण मागच्या कोपऱ्यात बसायचं. चाळीस पोरांच्या गर्दीत एका बाईकडे कोण बघतंय? ती शिट्ट्या मारतील, कागद उधळतील, आपण लांबून डोळे भरून बघायचं.

गुरुवारी सकाळी त्या ठेवणीतला मोरपंखी ड्रेस घालत होत्या तेव्हा मेसेज यायला लागले. "भावा, आज गुरुवार आहे रे! मला शनिवार वाटला." "ऑफिस आहे भावा, मॅनेजर जीव घेईल." "कॉलेजला सबमिशन." निरंजनने लिहिलं, "गुरुवारी कोण शो ठेवतं रे येड्या?" बाई पलंगावर मटकन बसल्या. मग उठल्या. मॅनेजरला शब्द दिला होता, आणि घरी बसून तरी काय करणार होत्या, वीज गेलीच होती.

थिएटरच्या लॉबीत शुकशुकाट. समोशांच्या काउंटरवरचा माणूस पेंगत होता. चित्राताई तिकीट काढून वळल्या तर दारातून एक धिप्पाड पोरगा आत आला, अंगात तिमिरजितचा टी-शर्ट, हातात मुखवटा. हा सार्थक. हिंजवडीजवळच्या माण गावातल्या जुन्या घरचा, स्वतःचे पाण्याचे टँकर चालवणारा, त्यामुळे त्याला वार कुठलाही चालायचा. त्याने इकडेतिकडे पाहिलं, फोन काढला आणि नंबर लावला. चित्राताईंच्या पर्समध्ये तिमिरजितची धून वाजायला लागली. त्या ओसाड लॉबीत ती अशी घुमली की समोसेवालासुद्धा दचकून जागा झाला.

सार्थक त्यांच्याकडे बघतच राहिला. मग जवळ येऊन अदबीने म्हणाला, "तुमी चित्रभानूच्या आई का?"

हो म्हणता आलं असतं. त्याला ओव्हरटाइम लागला, मला पाठवलं, एवढं म्हटलं की सुटका होती. पण जिथे तिथे गप्प राहून बाई कंटाळल्या होत्या, आणि इतक्या दिवसांनी त्या ग्रुपमधलं एक जिवंत माणूस समोर उभं होतं. आनंदाने त्यांच्या तोंडून निघूनच गेलं, "अरे, आई कसली! मीच चित्रभानू."

"आयला!" सार्थक म्हणाला, आणि लगेच जीभ चावली. "माफ करा काकू." आणि वाकून पाया पडला.

त्याने काकूंसाठी समोसा आणला, पाणी आणलं, खुर्ची रुमालाने झटकली आणि आपण मधे दोन खुर्च्या सोडून बसला. रिकाम्या थिएटरात तिमिरजित पडद्यावर आला. या क्षणाची बाई वर्षभर वाट बघत होत्या. त्यांनी सार्थककडे पाहिलं, "वाजव की रे शिट्टी!"

"न्हाई काकू. तुमच्याम्होरं कसं वाजवू?"

पिक्चर, खरं सांगायचं तर, यथातथाच होता. दीड तारा अगदीच काही अन्याय नव्हता. मध्यंतरानंतर चित्राताईंचं लक्षही लागेना. सार्थक हाताची घडी घालून, शाळेत बसावं तसा बसला होता.

संध्याकाळी त्याने मोठ्या कौतुकाने ग्रुपवर सांगितलं. त्याच्या मनात पाप नव्हतं हो. "आपला चित्रभानू म्हंजी एक काकू हायत! एकट्या आल्या शोला. मानलं पायजे. इथून फुडं जरा मान ठेवून बोला सगळे."  मग जोडलेल्या हातांची रांग लागली. निरंजनने लिहिलं, "काकू, सकाळी तुम्हाला येडा म्हणालो, मनापासून माफी." मागचे शिव्यांचे कितीतरी मेसेज पोरांनी पुसून टाकले. चित्राताईंनी लिहिलं, "अरे, मला नेहमीसारखंच बोला," तर उत्तर आलं, "हो काकू, नक्की."

पुढे काय झालं म्हणाल तर पिक्चर तरला! शाळांच्या परीक्षा संपल्या, बच्चेकंपनी आईबापांना ओढत घेऊन गेली आणि दुसऱ्या आठवड्यात गल्ला असा भरला की समीक्षकांची तोंडं बंद. चौथ्या भागाची घोषणा झाली. ग्रुप बंद करायचं कुणी नाव काढेना. चित्राताईंना वाटलं, आता उडेल धुरळा. त्यांनी नव्या मुखवट्याबद्दल चांगलं खोचक लिहिलं, भांडण लागावं म्हणून मुद्दाम. त्यावर तीन फुलं आली आणि "छान लिहिलंय काकू." मग सगळं शांत. दुसऱ्या दिवशीही शांत. इतकी मोठी बातमी आणि पोरं गप्प? त्यांना करमेना. न राहवून त्यांनी सार्थकला एकट्यालाच विचारलं, "काय रे, सगळे गेले कुठे?"

त्याने बऱ्याच वेळाने लिहिलं, "काकू, राग मानू नका. पोरांनी नवा ग्रुप काढलाय. तिथं लय शिवराळ बोलत्यात, तुमाला कसं घेनार? ह्यो जुना ग्रुप चालू ठेवलाय की तुमच्यासाठी."

चित्राताईंनी लिहिलं, "राग कसला रे, बरं केलंत." ते पाठवलं नाही, पुसलं. डोळ्यांतलं पाणी पदराने टिपलं आणि पुन्हा लिहिलं, "मला पण घ्या ना रे तिकडे. मी काही बोलणार नाही. नुसती वाचत बसेन."

"काकू," सार्थकचं उत्तर आलं, "असं म्हनून लाजवू नका आमाला." आणि खाली जोडलेले हात.