क्वार्टर नंबर आठची तक्रार

कॉलनीच्या वायरमनला सगळे लगेचराव म्हणत. कुणाची ट्यूब लुकलुकली, की फोनवर ठरलेलं उत्तर, "लगेच आलो." आणि गृहस्थ खरोखर येत. मोठ्या साहेबांच्या बंगल्यातला पंखा नुसता कुरकुरला, तरी हे हातातला घास ताटात टाकून शिडी खांद्यावर घेत. एकोणीस वर्षांत त्यांच्या नावावर एकही तक्रार चोवीस तासांच्या वर शिल्लक राहिली नव्हती. त्याबद्दल येत्या शुक्रवारी दुपारी साहेबांच्या हस्ते प्रशस्तिपत्र मिळायचं होतं, काचेच्या फ्रेमसकट.

घरात मात्र 'लगेच'ला प्रवेश नव्हता. तिथे 'उद्या बघू' नांदत होतं. बाथरूममधला एक्झॉस्ट फॅन बंद पडून तीन वर्षं झाली होती. त्याच्यापुढे चिकटवलेला पुठ्ठा वाफेने पोट सुटल्यासारखा पुढे आला होता. छताला काळे ठिपके, टॉवेलांना कुबट वास, आणि आंघोळीनंतर आरशात कोण उभं आहे ते अंदाजाने ठरवायचं.

"दिव्याखाली अंधार असतो म्हणतात," बायको म्हणायची, "आमच्याकडे वायरमनखाली बुरशी आहे."

लगेचराव हसत आणि विषय बदलत. घरची मंडळी काही लेखी तक्रार करत नाहीत, या भरवशावर पुष्कळ संसार चालतात.

गुरुवारी सकाळी अकराला बायको तक्रारीच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "वहिनी, ही गोष्ट घरातल्या घरात..."

"घरातल्या घरात तीन वर्षं सांगून झालं, भाऊजी. आता रीतसर सांगते. लिहा, क्वार्टर नंबर आठ. वेळ पण घाला."

कारकुनाने आनंदाने घातली. त्या खिडकीला अशी करमणूक रोज कुठली? जेवणाच्या सुट्टीपर्यंत बातमी साहेबांच्या बंगल्याच्या मागच्या दाराने आत शिरलेली होती.

आता शुक्रवारी अकराच्या आत तक्रारीच्या चिठ्ठीवर 'काम समाधानकारक' म्हणून राहणाऱ्याची सही हवी. नाहीतर एकोणीस वर्षं पाण्यात. लगेचरावांनी संध्याकाळ मनधरणीत घालवली.

"अगं, मागे घे ती तक्रार. रविवारी नक्की बसवतो."

"कुठल्या रविवारी, ते लिहून द्या."

शुक्रवारी नऊ वाजता लगेचराव शिडी आणि नवा पंखा घेऊन स्वतःच्याच दारात उभे राहिले. दार अर्धंच उघडलं.

"कोण?"

"अगं, मी."

"मी म्हणजे?"

लगेचरावांनी खांद्यावरची शिडी खाली टेकवली. "वायरमन."

"चपला बाहेर काढा. आणि भिंतीला हात पुसू नका, आमचे हे फार रागावतात."

पुठ्ठा निघाला तशी मागून कबुतराची पिसं आणि तीन वर्षांचा काळा चिकटा अंगावर आला. दोन स्क्रू गंजून भिंतीशी एकजीव झाले होते, ते कापावे लागले. घड्याळाकडे बघत बघत नवा पंखा बसला. दहा चाळीसला बटण दाबलं, पंखा भिरभिरला.

"कर सही," लगेचराव चिठ्ठी पुढे करत म्हणाले.

बायकोने चिठ्ठी घेतली आणि पंख्याच्या जाळीसमोर धरून सोडली. "हवा ओढत असेल तर कागद चिकटतो. बंगल्यावरच्या बाईसाहेबांना तुम्हीच दाखवलंत ना?"

कागद चिकटला नाही. गिरकी घेऊन तो बादलीत पडला, आणि मागच्या गटाराचा दरवळ बाथरूमभर पसरला. पंख्याच्या अंगावर हवेची दिशा दाखवणारा लाल बाण असतो. 'आधी बाण बघा' हे खात्यातल्या प्रत्येक नव्या माणसाला लगेचरावांनी घोकून घेतलं होतं. बाण घराच्या आत बघत होता.

"वायरमन, हा पंखा गावाची घाण घरात आणतोय," ती म्हणाली. "हे काम आम्ही शेजारणी फुकट करतो."

लगेचराव शिडीवर चढून पुन्हा स्क्रू सोडू लागले. घाम नाकावरून ओघळत होता. खाली खोलीतून गरम कागदाचा वास आला. बायको भिजलेल्या चिठ्ठीवर इस्त्री फिरवत होती.

दहा छप्पन्नला चिठ्ठी जाळीला अशी चिकटली की ओढून काढावी लागली. तिने सही केली, शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'वायरमन नम्र आहे.' लगेचराव अनवाणीच धावले. कडक इस्त्रीच्या त्या चिठ्ठीवर कारकुनाने दहा एकोणसाठचा शिक्का मारला.

दुपारी प्रशस्तिपत्र मिळालं. टाळ्या नेहमीपेक्षा जास्त पडल्या आणि त्यात हसूही बरंच होतं. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून लगेचरावांनी आरशात पाहिलं, तर तीन वर्षांनी माणूस स्पष्ट दिसला. बराच म्हातारा झाला होता.

"त्या फ्रेमसाठी भिंतीत एक खिळा ठोका," बायको म्हणाली.

"उद्या बघू."

पंधरा दिवस फ्रेम कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभी होती. सोळाव्या दिवशी सकाळी बायको चपला घालू लागली.

"कुठे निघालीस?"

"तक्रारीच्या खिडकीवर. वेळ घालून लिहून घेतात ना?"

लगेचराव ताटावरून उठले आणि हातोडी शोधू लागले.