टोकावड्याच्या ओट्यावर यकृताची गोष्ट

भोईर सरांशी माझी ओळख अगरबत्तीमुळे झाली. शहापूरच्या महाविद्यालयात मी प्रयोगशाळा परिचर म्हणून रुजू झालो, त्याच दिवशी पेशी वाढवण्याच्या बंद खोलीत भक्तिभावाने दोन काड्या लावल्या. धुरामुळे सरांनी महिनाभर जोपासलेल्या पेशी फेकाव्या लागल्या. ते एवढेच म्हणाले, "देवाला बाहेर हात जोडायचे, आत येताना हात धुवायचे." मी आजही दोन्ही करतो.

सरांचा विषय यकृत. दाह झाला की यकृताच्या पेशी मरू लागतात. काचेच्या ताटलीत इन्सुलिन घातले, तर त्यातल्या काही तग धरतात, असे सरांना दिसले. साखर उतरवणारे हे औषध यकृतालाही सांभाळत असावे, असे ते म्हणतात. त्यातले 'असावे' गाळलेले त्यांना खपत नाही.

मी ते गाळले. टोकावड्याला राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाची साखर फार वाढली होती, यकृतालाही सूज होती. मुरबाडच्या डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितले, तर दादा "सुई म्हणजे शेवट" म्हणून अडून बसला. मी ठोकून दिले, "आमच्या सरांनी सिद्ध केलंय, इन्सुलिननं लिव्हर वाचतं." दादा तयार झाला. आठ दिवसांनी वहिनींचा फोन आला, "भाऊजी, तुमचे दादा सुई घेतात नि वर बाटली उघडतात. म्हणतात, आता लिव्हरची काळजी नाय!"

सरांना सांगावेच लागले. ते रागावले नाहीत, एसटीने माझ्याबरोबर टोकावड्याला निघाले. वाटेत मी विनवले, "सर, खरं सांगितलंत तर तो सुई सोडेल."

"खोट्यावर तरी किती दिवस घेईल?" सर म्हणाले.

ओट्यावर बसून त्यांनी दादाला सगळे सांगितले. "लिव्हरचं आम्ही ताटलीत पाहिलंय, माणसात अजून ठरलेलं नाही. साखरेसाठी मात्र सुई हवीच. आणि दारू बंद."

दादाने मान खाजवली. मग म्हणाला, "सर, त्या ताटलीतल्या पेशी दारू पीत नाय ना?"

"नाही."

"मंग जगतीलच की! सुईचं काय कौतुक?"

सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "हे मला परीक्षकांनीसुद्धा विचारलं नव्हतं!"

दादाची कळी खुलली. त्याने सदरा वर केला. "आण गो ती सुई."

"नि बाटली?" वहिनींनी विचारले.

"ती तूच ओत. माझ्यानं नाय बघवणार."

दादाची सूज आता उतरली आहे. सुईने की दारू सुटल्याने, ते सर अजूनही ठामपणे सांगत नाहीत.

निवृत्तीनंतरही प्रयोगशाळेत येणाऱ्या सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत असल्याचे कळताच दादा गावदेवीला नवस बोलला, की सरांची शंभर वर्षे पूर्ण झाली की अनवाणी डोंगर चढून नारळ वाहीन. तो फेडायला आणखी पंचवीस वर्षे स्वतःलाही टिकावे लागेल, हे वहिनींनी लक्षात आणून दिले. तेव्हापासून तो सुईची वेळ चुकवत नाही. देवीने सरांना निरोगी शंभरी द्यावी. त्यांच्या आयुष्याला आता आमच्या घरचा एक माणूस बांधलेला आहे.